बद्धचक्र : एका यंत्राच्या नावाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा यंत्राच्या भागांकडे पाहतात; नावांकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. भाग हे वास्तव आणि नाव ही त्यावर मागाहून डकवलेली चिठ्ठी, अशी एक समजूत त्यामागे असते. प्रस्तुत निबंधात ज्या यंत्राचा विचार करावयाचा आहे, त्याच्या बाबतीत ही समजूत चांगलीच दिशाभूल करते. ते यंत्र म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, एकाच गिअरची आणि मागील चाक पायडलांशी कायमचे जखडलेली सायकल. इंग्लंडात तिला ‘फिक्स्ड व्हील’ म्हणतात, अमेरिकेत ‘फिक्स्ड गिअर’, आणि गेल्या पंचवीसएक वर्षांतील तरुण मंडळी तिला लाडाने ‘फिक्सी’ म्हणू लागली आहेत. सोयीसाठी मी येथे ‘बद्धचक्र’ आणि त्याच्या उलट ‘मुक्तचक्र’ असे दोन शब्द योजतो. कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात हे शब्द ऐकू येणार नाहीत, तेथे ‘फ्रीव्हील’ हाच शब्द चालतो, याची मला जाणीव आहे. परंतु ह्या दोन शब्दांतील विरोध डोळ्यांसमोर राहणे पुढील विवेचनास आवश्यक आहे.

प्रथम यंत्रातील भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या नेहमीच्या सायकलीवर पायडल मारणे थांबविले तरी चाक फिरत राहते आणि उतारावर पाय स्थिर ठेवून बसता येते. बद्धचक्र सायकलीवर हे शक्य नाही. मागील दातेरी चकती चाकाच्या तुंब्यावर घट्ट बसविलेली असल्यामुळे चाक फिरते तोवर पायडल फिरतातच; स्वार पाय फिरवतो की सायकल त्याचे पाय फिरवते, हे त्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असते. पायांनी उलट जोर दिला की वेग कमी होतो. म्हणजे एकच साखळी चालविण्याचेही काम करते आणि रोखण्याचेही.

१८९० साली मात्र अशा सायकलीला ‘बद्धचक्र’ म्हणणारा मनुष्य इंग्लंडात किंवा फ्रान्समध्ये सापडणे कठीण होते. याचे कारण साधे आहे. त्या काळी व्यवहारात असलेल्या जवळजवळ सर्वच सायकली तशा होत्या. ज्या गुणाला पर्याय नाही, त्या गुणाला भाषा नाव देत नाही. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे प्रसिद्ध प्रतिपादन आपण ध्वनी आणि व्याकरण यांच्या संदर्भात नेहमी उद्धृत करतो. सायकलीच्या इतिहासात ते जितके उघड दिसते, तितके ते शब्दकोशातही क्वचितच दिसत असेल.

ह्याचे पहिले उदाहरण बद्धचक्राच्याही आधीचे आहे. १८७० च्या सुमारास प्रचारात आलेल्या उंच चाकाच्या सायकलीला तिच्या काळात नुसते ‘बायसिकल’ म्हणत. पुढचे चाक प्रचंड, मागचे लहान, आणि पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. पुढे १८८५ साली कव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि मागील चाक साखळीने फिरत होते. उंचावरून तोंडावर आपटण्याचे भय तिच्यात नव्हते, म्हणून ह्या जातीला ‘सेफ्टी’ असे नाव पडले. आणि सेफ्टी आली म्हणून जुन्या सायकलीला ‘ऑर्डिनरी’, म्हणजे ‘साधी’, हे नाव मिळाले. थोड्याच वर्षांत रस्त्यावर सेफ्टी हीच सर्वसाधारण झाली आणि ‘साधी’ ही दुर्मीळ वस्तू ठरली. नाव मात्र तसेच राहिले. उत्पादकाचे नाव जातिवाचक होण्याचेही एक गमतीचे उदाहरण येथेच सांगून टाकतो : पोलिश भाषेत सायकलीला आजही ‘रोवेर’ असेच म्हणतात.

उंच सायकलीने मागे ठेवलेला आणखी एक भाषिक अवशेष आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. त्या सायकलीवर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होई. म्हणून चाक जितके मोठे तितकी मजल मोठी. पण स्वाराच्या पायांची लांबी ही चाकाची मर्यादा. पन्नास ते साठ इंचांच्या पलीकडे जाणे बहुतेकांना अशक्य होते. साखळी आल्यावर ही मर्यादा सुटली, कारण पुढील चकतीला दाते अधिक व मागील चकतीला कमी ठेवले की लहान चाकही मोठ्याचे काम करू लागते. परंतु गिऱ्हाइकाला हे समजावून सांगायचे कसे? विक्रेत्यांनी जुनेच माप वापरले. ही सायकल ‘५४ इंची’ आहे, असे ते सांगत. अर्थ असा की, एका फेऱ्यात ती ५४ इंच व्यासाच्या उंच चाकाइतके अंतर कापते. पुढील दात्यांना मागील दात्यांनी भागावे आणि चाकाच्या इंचांतील व्यासाने गुणावे, हा तो हिशेब. उंच सायकली गेल्यास सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण इंग्रजी बोलणारा सायकलपटू आजही गिअर इंचांतच मोजतो, आणि ज्या चाकाचा तो व्यास सांगत असतो ते चाक कोठेच नसते. फ्रेंचांनी मात्र एका फेऱ्यात प्रत्यक्ष कापलेले अंतर मीटरांत सांगण्याची पद्धत स्वीकारली. उदाहरणार्थ, २७ इंची चाक, पुढे ४४ दाते व मागे १८ दाते असल्यास इंग्रजी हिशेबाने गिअर ६६ इंचांचा होतो. फ्रेंच हिशेबाने तोच ५.२७ मीटरांचा. एकात भूतकाळाची स्मृती आहे, दुसऱ्यात नुसती भूमिती. बद्धचक्र सायकल जुळवणाऱ्याला हा आकडा आधी ठरवावा लागतो, कारण रस्त्यावर मग तो बदलता येत नाही. ६६ इंचांवर मिनिटाला ९० फेरे मारणारा स्वार ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जातो. चढ आला तरी तोच आकडा, उतार आला तरी तोच.

साखळी आणि नळी ह्या दोन गोष्टींवाचून सेफ्टीचा सांगाडा उभा राहिला नसता. मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड ह्या स्विस अभियंत्याने १८८० साली नळीदार रोलरांची साखळी सिद्ध केली. आजच्या सायकलीची साखळी मूलतः तीच आहे. जर्मनीत मानेसमान बंधूंनी १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यास बिनसांध्याची पोलादी नळी तयार करण्याची कृती शोधली. नळीच्या बाबतीत खरा कौशल्याचा भाग पुढेच होता. सांगाड्यावर ताण येतो तो मुख्यतः सांध्यांपाशी. मधल्या भागात तितक्या जाडीची गरज नसते. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने सहकाऱ्यासह १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले की, जिची बाहेरची गोलाई सर्वत्र सारखी असून भिंत टोकांशी जाड व मध्ये पातळ असते. जाडीतील हा फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच, ०.९ मिलिमीटरची भिंत मध्यभागी ०.६ होते, इतकाच. नळी हातात घेऊन पाहिली तर तो दिसत नाही. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला तर मात्र जाणवतो. १९३५ साली ह्याच कारखान्याने मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेले ‘५३१’ नावाचे पोलाद आणले, आणि पुढील कित्येक दशके इंग्लंडातील चांगल्या सांगाड्यावर त्या आकड्याची चिठ्ठी ही जणू कुलीनपणाची खूण मानली गेली. इटलीत तेच स्थान मिलानच्या ‘कोलुम्बुस’ नळ्यांना मिळाले. ह्या पातळ नळ्या ओतीव वा दाबीव पोलादी टोप्यांत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडतात. पितळेला सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, चांदीला त्याहून बरीच कमी. अधिक तापविले तर नळीचे बळ जाते, कमी तापविले तर धातू सांध्यात शिरत नाही. कारागिराचे सगळे कसब ज्योतीच्या रंगावर आणि वितळत्या धातूच्या चकाकीवर ठेवलेल्या नजरेत असते.

आता मुक्तचक्राकडे वळू. त्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडेन याने १८६९ सालीच तशा प्रकारच्या रचनेचे पेटंट घेतले होते. तरीही तीस वर्षे तिला कोणी विचारले नाही. उतारावर पाय विसावण्याची इच्छा लोकांना नव्हती असे मुळीच नाही. जुन्या सायकलींच्या पुढच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना लहान खुंट्या दिसतात; उतार आला की स्वार पायडलांवरून पाय उचलून त्या खुंट्यांवर ठेवी आणि पायडल खाली गरगर फिरत राहत. म्हणजे गरज होती, उपायही ठाऊक होता. अडचण निराळीच होती. चाक मोकळे केले की सायकल थांबविण्याचे साधनच नाहीसे होते. बद्धचक्रात पाय हाच ब्रेक. त्याच्या जोडीला असे ते टायरवर दाबले जाणारे एक लोखंडी चमच्यासारखे पाते, आणि त्याच्यावर कोणाचा फारसा भरवसा नसे. १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर आणल्यावर तर ते पाते टायरच खराब करू लागले. पुरेसे चांगले ब्रेक शतकाच्या शेवटी आले : अमेरिकेत १८९८ च्या सुमारास पायडल उलट दाबून लावण्याचा तुंब्यातील ब्रेक, आणि इंग्लंडात चाकाच्या कडेवर दाब देणारे ब्रेक. १९०० च्या आसपास मुक्तचक्र झपाट्याने पसरले ते ह्यामुळे. एका भागाला मुक्त करण्यासाठी दुसऱ्या भागाला बांधावे लागले, असे म्हटले तरी चालेल.

मुक्तचक्राच्या आत एक दातेरी कडे असते आणि त्यात स्प्रिंगेने दाबलेले दोन लहान तुकडे अडकतात. एका दिशेने ते धरून ठेवतात, दुसऱ्या दिशेने टिकटिक करीत घसरतात. आपल्याकडील कारागीर त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. इंग्रजी यंत्रशाळेतही अडकवून धरणाऱ्या तुकड्याला ‘डॉग’ म्हणण्याची जुनी चाल आहे. हे भाषांतर आहे की एकाच निरीक्षणातून दोन ठिकाणी उमटलेले रूपक आहे, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांसमोर अनेकदा ठेवला आहे. पुण्यात शिकत असताना मी एकदा भाड्याने घेतलेल्या सायकलीचे कुत्रे मळीने चिकटून आत जखडले होते. गणेशखिंडीच्या उतारावर मी सवयीने पाय थांबविले आणि पायडलांनी मला जागेवरून जवळजवळ उचललेच. दुकानदाराने ‘फ्रीव्हील जाम झाले’ एवढेच म्हणून अर्ध्या तासाचे भाडे सोडले. आपण त्या दिवशी १८९० ची सायकल चालविली, हे मला फार पुढे कळले.

येथे एक सैद्धांतिक मुद्दा उपस्थित होतो. ट्रेव्हर पिंच व वीबे बायकर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सायकलीचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, यंत्राची वाढ ही सरळ रेषेत होत नाही. निरनिराळे समाजगट एकाच यंत्राला निरनिराळे अर्थ देतात आणि कालांतराने वाद मिटून एक रूप स्थिर होते. ह्या निबंधाने तंत्राच्या इतिहासाला नवी दृष्टी दिली यात संशय नाही. तथापि, वाद एकदा मिटला म्हणजे मिटला, अशी जी छाया त्या मांडणीवर पडते ती मला मान्य होत नाही. बायकर यांच्या पुढील विवेचनात सेफ्टीचे स्थिर होणे १८९८ च्या सुमारास पूर्ण होते. नेमक्या त्याच वेळी मुक्तचक्राने ‘सायकल’ ह्या शब्दाचे दोन तुकडे केले, आणि त्यांतील पराभूत तुकड्याचा इतिहास तेथून सुरू झाला.

पराभूत रूप कोठे टिकते? इटालियन भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली याचे उत्तर असे की, जुनी रूपे कडेच्या प्रदेशांत टिकतात. मध्यातून निघालेली नवी लाट तेथवर पोचत नाही. बद्धचक्राला हा नियम लावण्याचा मोह होतो, पण तपशील पाहता तो टिकत नाही. बद्धचक्र टिकले ते आडबाजूला नव्हे, तर शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणजे सायकलीच्या जगाच्या ऐन मध्यभागी. तेथे चढ-उतार नाहीत, म्हणून गिअर बदलण्याची गरज नाही. आणि सर्वांनी एकमेकांना चिकटून धावायचे असल्यामुळे कोणी अचानक ब्रेक लावणे घातक, म्हणून ब्रेकच नाहीत. इंग्लंडातील रस्त्यांवर ते टिकले त्याचे कारण आणखी निराळे आहे. रस्त्यावरील सामुदायिक शर्यतींवर १८९० नंतरच्या दशकात तेथील संघटनेने बंदी घातली, तेव्हा एफ. टी. बिडलेक याने १८९५ साली एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची शर्यत सुरू केली. ह्या शर्यती पहाटे, काळ्या पोशाखात, जवळजवळ चोरून होत. एकट्याने एका लयीत पाय फिरवीत राहण्याच्या ह्या खेळाला बद्धचक्र मानवले. हंगामाच्या आरंभी ७२ इंचांहून मोठा गिअर न वापरण्याच्या शर्यतीही तेथे दीर्घकाळ चालत आल्या. शिवाय हिवाळ्यात मीठ आणि चिखल यांनी खराब होण्याजोगे भाग जितके कमी तितके बरे, हा व्यवहारी विचार होताच.

फ्रान्समध्ये हाच वाद नीतीच्या भाषेत झाला. सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही आपल्या नियतकालिकातून अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत असे. उलट तूर द फ्रान्स शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज ह्याला गिअर बदलणे हे दुबळ्यांचे आणि प्रौढांचे साधन वाटे. १९०३ पासून चाललेल्या त्या शर्यतीत साखळी सरकवून गिअर बदलणारे यंत्र स्पर्धकांना वापरता आले ते १९३७ साली, देग्रांज निवृत्त झाल्यानंतर. तोवर डोंगराच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, दुसऱ्या बाजूची चकती साखळीत येईल असे उलटे बसवून, पुन्हा स्वार व्हावे लागे. देग्रांजच्या हट्टाचे मूळ त्याच्या पूर्वायुष्यात असावे असे मला वाटते. एका तासात सर्वांत अधिक अंतर कापण्याचा पहिला अधिकृत विक्रम त्याचाच : ११ मे १८९३, पॅरिस, ३५.३२५ किलोमीटर, अर्थातच बद्धचक्र सायकलीवर.

जपानचे उदाहरण तर बार्तोलीच्या नियमाला पूर्णच छेद देते. महायुद्धानंतर पुनर्बांधणीसाठी स्थानिक संस्थांना पैसा हवा होता. १९४८ साली कायदा होऊन सायकलशर्यतींवर पैज लावण्यास परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी कोकुरा येथे पहिली ‘केइरिन’ शर्यत झाली. जेथे सामान्य माणसाचा पैसा लागलेला असतो, तेथे स्वाराच्या पायांऐवजी यंत्राने बाजी मारली तर बभ्रा होणारच. म्हणून सर्वांची सायकल एकाच तोलाची असावी, असा दंडक पडला. १९५७ साली स्थापन झालेल्या नियामक मंडळाचा शिक्का असलेले भागच स्पर्धकाला वापरता येत, आणि पुरुषांच्या शर्यतींत पोलादी नळ्यांचा, मान्यताप्राप्त कारागिराने हाताने जोडलेला, बद्धचक्र सांगाडाच चालतो. २०१२ पासून सुरू झालेल्या महिलांच्या शर्यतींना मात्र कार्बनचा सांगाडा मान्य करण्यात आला. येथे जुने रूप टिकले नाही. ते न्यायाचे साधन म्हणून मुद्दाम निवडले गेले. जपानी भाषेत ह्या सायकलीला ‘पिसुतो’ म्हणतात. हा शब्द धावपट्टीवाचक युरोपीय ‘पिस्त’ किंवा ‘पिस्ता’ ह्यापासून आलेला आहे. इंग्रजीने नाव दिले ते यंत्रातील बंधनावरून, जपानीने दिले ते जागेवरून.

एका तासाच्या विक्रमाने हा निवडीचा प्रश्न अगदी ऐरणीवर आणला. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी एडी मर्क्स ह्याने मेक्सिको शहरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. एर्नेस्तो कोल्नागो ह्याने बांधलेल्या त्याच्या पोलादी सायकलीचे वजन सहा किलोंच्या आत होते. साखळीच्या कड्यांनाही भोके पाडून वजन घटविले होते. पुढे ५२ व मागे १४ दाते. १९८४ नंतर नव्या आकारांच्या सायकली आल्या, स्वाराच्या बसण्याची ढब बदलली, आणि १९९६ साली क्रिस बोर्डमन ह्याने ५६.३७५ किलोमीटरांपर्यंत मजल नेली. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० साली एक विलक्षण निर्णय घेतला. विक्रम मानला जाईल तो मर्क्सच्या सायकलीशी मिळत्याजुळत्या सायकलीवरचाच. मधल्या काळातील सर्व पराक्रमांना ‘सर्वोत्तम मानवी प्रयत्न’ असे नाव देऊन बाजूला बसविण्यात आले. सन्मानदर्शक नाव देऊन एखादी गोष्ट गौण ठरविण्याचे याहून चांगले उदाहरण अर्थविचाराच्या अभ्यासकाला शोधूनही मिळणार नाही. त्याच वर्षी बोर्डमनने जुन्या पद्धतीच्या सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर केले. अठ्ठावीस वर्षांत फरक पडला तो दहा मीटरांचा. २०१४ मध्ये संघटनेने ही विभागणी पुन्हा रद्द केली.

ह्याच सुमारास बद्धचक्राला रस्त्यावर दुसरे आयुष्य मिळाले होते. न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रे पोचविणाऱ्या सायकलस्वारांनी १९८० नंतरच्या दशकात धावपट्टीच्या सायकली शहरात आणल्या; त्यांच्यापैकीच एक असलेल्या नेल्सन व्हेल्स ह्याने १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. २००० नंतर ही चाल सान फ्रान्सिस्को, पोर्टलंड, लंडन, तोक्यो अशा शहरांतील तरुणांत पसरली, आणि अडगळीतल्या जुन्या पोलादी सांगाड्यांना एकाएकी भाव आला. जुनाच सांगाडा का, ह्याचे उत्तर मागील चाक बसविण्याच्या खाचेत आहे. साखळी ताणण्यासाठी चाक पुढेमागे सरकविता आले पाहिजे. पूर्वीच्या सांगाड्यांत ही खाच आडवी असे. नंतर आपोआप साखळी ताणणारी यंत्रे रूढ झाल्यावर ती उभी झाली, आणि उभ्या खाचेत चाक सरकत नाही. मागील तुंब्यासाठी १२० मिलिमीटरची रुंदी, तीही जुन्याच सांगाड्यांत सापडते. पुढील व मागील चकती सांगाड्याच्या मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर, सुमारे ४२ मिलिमीटरवर, आणली नाही तर साखळी तिरकी चालते. आणि बद्धचक्रावर साखळी उतरली तर चाक जागच्या जागी जखडते.

खरा धोका तुंब्यावरील आट्यांत आहे. चकती उजव्या आट्यांवर बसते; पुढे पायडल मारताना ती अधिक घट्ट होते, पण पायांनी उलट जोर देऊन सायकल थांबविताना सैल होऊ पाहते. म्हणून खास तुंब्यावर तिच्या बाहेरून डाव्या आट्यांचे दुसरे कडे चढवितात. चकती उलट फिरू लागली की हे कडे अधिकच आवळले जाते. ज्यांना खास तुंबा परवडत नसे ते मुक्तचक्राच्या साध्या तुंब्यावरच चकती बसवून वर उजव्या आट्यांचे कडे कसत. दोन्ही एकाच दिशेने सुटत. अशा तुंब्याला त्या मंडळींनीच ‘आत्मघाती’ असे नाव दिले आहे. दात्यांची निवडही नुसत्या वेगासाठी नसते. मागचे चाक रोखून सायकल घसरत थांबविणारा स्वार दरवेळी पाय एकाच स्थितीत रोखतो. ४८ व १६ दाते असले तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होतात, म्हणून दरवेळी टायरचा तोच भाग रस्त्यावर घासतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. ४८ व १७ घेतले की झीज सतरा ठिकाणी वाटली जाते. ४७ व १७ घेऊन कोणताही पाय पुढे ठेवण्याची सवय केली तर चौतीस ठिकाणी. अपूर्णांकाला सामाईक अवयवाने संक्षेप देणे ह्या शालेय गणिताचा रबराच्या आयुष्याशी असा संबंध असेल, असे कोणाला वाटले असते!

परंतु पाय हा ब्रेक आहे काय? ह्या प्रश्नाला न्यायालयांनाही सामोरे जावे लागले. ऑरेगन राज्याच्या कायद्याप्रमाणे कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर चाक घसरवू शकेल असा ब्रेक सायकलीला ‘बसविलेला’ असावा लागतो. २००६ साली पोर्टलंडमध्ये एका स्वारावर खटला झाला, तेव्हा बचाव असा होता की, बद्धचक्र हाच ब्रेक आहे, कारण तो चाक घसरवतो. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. ब्रिटिश नियमांची भूमिका निराळी आहे. १९८३ च्या नियमांनुसार मुक्तचक्र सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, बद्धचक्राला फक्त पुढच्या चाकाचा एक पुरे; म्हणजे दुसरा ब्रेक स्वाराच्या पायांत आहे, हे नियमाने न बोलता मान्य केले. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलीच्या धडकेने एका पादचारी स्त्रीचा मृत्यू झाला. पुढील वर्षी स्वाराला अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती १८६१ च्या कायद्याखाली, बेफाम ‘हाकण्या’बद्दल. घोडागाड्यांसाठी लिहिलेले शब्द सायकलीला लागू होतात की नाही, हा वाद त्या देशात जुनाच आहे. १८७९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही ‘गाडी’ ठरविली. पुढच्याच वर्षी पथकराच्या नाक्यावर मात्र ती ‘गाडी’ ठरली नाही. एकाच शब्दाच्या ह्या दोन अर्थांना १८८८ च्या कायद्याने एकत्र आणले. परंतु दीड शतकापूर्वीच्या ह्या शब्दावर एका माणसाचा तुरुंगवास आजही अवलंबून राहतो, हे शब्दाला केवळ चिठ्ठी मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मराठीत ह्या सर्व इतिहासाचा फारच थोडा भाग आला. आपल्याकडे रुळली ती काळी, उंच, एकाच गिअरची, मुक्तचक्राची सायकल. तिला कोणी ‘सिंगल स्पीड’ म्हटले नाही, कारण दुसरी नव्हती. तिला फक्त ‘सायकल’ म्हणत. क्वचित ‘दुचाकी’ही म्हणत, पण हा शब्द पुढे स्कूटर-मोटारसायकलींनी बळकावला, आणि आज कोणी ‘दुचाकी’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात सायकल येत नाही. नंतर ‘गिअरची सायकल’ आली. तेव्हा जुनीला नाव देणे भाग पडले, आणि कव्हेंट्रीतील १८८५ नंतरच्या नामकरणाची काहीही वार्ता नसलेल्या आपल्या गिऱ्हाइकांनी व दुकानदारांनी तिला नेमके तेच नाव दिले : ‘साधी सायकल’. अलीकडे पुण्या-मुंबईतील काही हौशी तरुण अशा साध्या सायकलीचे मडगार्ड, कॅरियर आणि साखळीवरचे झाकण उतरवून, सांगाडा खरवडून नवा रंग देऊन ती ‘सिंगल स्पीड’ म्हणून मिरवितात. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांची सायकल अशीच उतरवून आणली होती. पुढे ४४ दाते, मागे १८, चाक २८ इंची. इंग्रजी हिशेबाने गिअर ६८ इंचांचा, म्हणजे जवळपास तोच, जो हिवाळ्यातल्या इंग्रज स्वाराने पसंत केला असता. त्याने ती आजोबांना दाखविली, तेव्हा त्यांनी एकच विचारले की, कॅरियर कोठे गेले.